मोकळ्या टोकांची माळ

मी पुस्तकं वाचणारी बाई नाही, ऐकणारी आहे. शाळा सातवीपर्यंत झाली. लग्नाच्या पत्रिका, दुकानांच्या पाट्या, पेपरातल्या मोठ्या बातम्या, एवढं वाचायला मला कुणाची मदत लागत नाही. पण गोष्टी म्हणाल, तर जेवढ्या मी कानांनी ऐकल्या तेवढ्या आमच्या गल्लीतल्या शिकल्यासवरल्या बायकांनी डोळ्यांनी वाचल्या नसतील. त्या सगळ्या एकाच बाईनं लिहिलेल्या. ती माझी मैत्रीण. ती गेली, आणि समुद्राकाठच्या तिच्या माहेरगावानं तिच्या आठवणीसाठी एक भली मोठी भिंत रंगवली. त्या भिंतीपायी आज मी स्वतः लिहायला बसले आहे. यात कुणाचंच नाव येणार नाही. तिचं नाही, माझं नाही, तिच्या गावाचंही नाही. माणसं नावाचं काय करून ठेवतात ते मी बघितलंय.

आमचा फुलांचा मळा नाशिकला, मखमलाबादच्या बाजूला. शेवंती, गुलछडी, झेंडू, आणि विहिरीजवळ एक जुईचा मांडव. आमचे हे सकाळी फुलं बाजारात न्यायचे आणि दुपारी मी ओसरीवर बसून माळा ओवायचे. मळ्याच्या तोंडाशी आमच्या दोन खोल्या होत्या, त्या भाड्यानं द्यायचो. एका वर्षी तिथं कोकणातलं जोडपं राहायला आलं. नवरा सातपूरच्या कारखान्यात. त्याला बहुतेक दुसरी पाळी असायची, त्यामुळे दुपार झाली की तो मोटारसायकलवर निघून जायचा आणि ही एकटी उरायची. पहिल्या दिवशी माझ्या ओसरीच्या कडेला उभी राहून म्हणाली, "बसू का गो? तिकडं भिंतीशी किती बोलणार?"

तिला माळ ओवता यायची नाही. मी शिकवायला गेले तर देठातून सुई घालायच्या ऐवजी पाकळीतून घालायची आणि फुलाचा चुरा करायची. मी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि म्हटलं, तू आपली बोल. ती बोलायला लागली. मग कळलं की ती सकाळी नवरा झोपलेला असताना लिहिते. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन आली आणि वाचून दाखवायला लागली. तेव्हापासून आमचं तसंच ठरून गेलं. माझे हात दोऱ्यावर, तिचे डोळे कागदावर. तिच्या सगळ्या गोष्टी खाडीच्या, होड्यांच्या, सुकायला टाकलेल्या मासळीच्या. मी तिला चिडवायचे, "तुझ्यापायी माझ्या फुलांना बोंबलाचा वास यायला लागलाय, उद्या गिऱ्हाईक परत आणून देईल." ती पाय पसरून, पदर कमरेला खोचून खो खो हसायची.

मी नुसती ऐकायचे असं नाही. "सासू एवढी गोड नसते, बदल तिला," असं मी सरळ सांगायचे, आणि ती बदलायची. पुढं तिच्या गोष्टी मासिकांत आल्या, पुस्तकं निघाली, सत्कार झाले. सत्काराला भाषण करताना ती म्हणायची की माझी एक मैत्रीण आहे, तिच्या कानावरून गेल्याशिवाय माझी एकही गोष्ट छापायला जात नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून लाजायचे. नवीन पुस्तक निघालं की पहिली प्रत माझ्या हातात. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून शोकेसमध्ये ठेवायचे. उघडून कधी बघितली नाही. ऐकलेली गोष्ट पुन्हा वाचायची कशाला? आजवर मला यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगते. गौरी-गणपतीत आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते. घरातलं लहानथोर माणूस फुलांत बुडालेलं. त्या गडबडीत, गौरी येतात त्याच्या आदल्या दिवशी, मी दर वर्षी एक माळ वेगळी ओवते. जुईच्या कळ्यांची, वितीएवढी. तिची टोकं मी बांधत नाही. माळेला गाठ मारली की ती कुणाच्या तरी गळ्यात घालायची झाली. ही कुणाच्या गळ्यात जायची नसते, म्हणून मोकळी ठेवते. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. हिच्या आलं. कागद खाली ठेवून म्हणाली, "ही गो कुणासाठी?"

मी तिला सांगितलं. माझं पहिलं बाळंतपण अशाच गौरींच्या आदल्या दिवशी झालं. मुलगी. पुरे दिवस भरून आली आणि रडलीच नाही. सासूबाईंनी तिला स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. मी हात पुढं केले तर म्हणाल्या, "नको बघू. बघितलं की माया लागती." जसं काही नऊ महिने माया लागलीच नव्हती. दिरानं तिला मळ्यामागं नेलं. आमचे हे फुलं घेऊन बाजारात होते. संध्याकाळी आले, बाहेरच बसून राहिले, जेवले नाहीत. त्यानंतर तिच्याबद्दल आमच्या घरात एक शब्द कुणी काढला नाही. बारशाआधी गेलेल्या बाळाला नाव नसतं. पण मी ठेवलं होतं. पहाटे फुलं तोडताना मी पोटाशी बोलायचे, तेव्हाच ठेवलं होतं. ते ह्यांना माहीत नव्हतं, माझ्या आईला माहीत नव्हतं, पुढं झालेल्या दोन मुलांनाही नाही. ती माळ मी गंगेवर नेते. गोदावरीला आम्ही नाशिकची माणसं गंगाच म्हणतो. माळ पाण्यात सोडते आणि पाण्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते नाव एकदा घेते. हे मला गाडीवरून नेतात आणि वर रस्त्यावर थांबतात. त्यांना वाटतं माझा काही नवस आहे. नवसाचं विचारायचं नसतं, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं होतंस?"

मी सांगितलं. जिवंत माणसासमोर ते नाव मी पहिल्यांदा घेतलं. ती रडली. माझे फुलांनी चिकट झालेले हात तिनं आपल्या हातात धरून ठेवले. म्हणाली, "पोटात ठेवीन गो. कुणाला कळायचं नाही." त्या वर्षी ती माळ सोडताना मला हलकं वाटलं होतं. माझ्या मुलीला ओळखणारं आणखी एक माणूस जगात झालं असं वाटलं होतं.

पुढं त्यांनी सातपूरला स्वतःचं घर घेतलं, तरी आठवड्यातून एकदा ती बसनं यायची. शेवटची काही वर्षं आजारी असायची. शेवटचं पुस्तक घेऊन आली तेव्हा जिना नसलेल्या माझ्या ओसरीवर चढतानाही तिला धाप लागली. मी पुस्तक हातात घेऊन म्हटलं, "यातली एखादी राहिली असेल तर वाच आत्ता, माझं हे टोपलं भरून ओवायचंय." तिनं पाण्याचा तांब्या उचलला, घोटभर प्यायली आणि म्हणाली, "सगळ्या ऐकल्यास तू. एकही राहिली नाही." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी तिच्यासाठी हार केला आणि त्याला घट्ट गाठ मारली.

ती गेल्यावर काही महिन्यांनी तिच्या माहेरगावाहून फोन आला. गावातल्या वाचनालयाची माणसं होती. मासळी उतरते त्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला लांब भिंत आहे, समुद्राच्या बाजूची, ती तिच्या गोष्टींनी रंगवायची असं त्यांनी ठरवलं होतं. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. चित्रकार पोरगा फोन करून करून विचारायचा, बाई बसायच्या कशा, हसायच्या कशा, टिकली केवढी लावायच्या. मी सगळं सांगितलं. पाय पसरलेले दाखव, पदर खोचलेला दाखव, खुर्चीवर बिर्चीवर बसवू नको. आम्हा दोघींचा एक फोटो होता, तो पाठवला. एकदा तो म्हणाला, "काकू, मध्यभागी मी माळवाली बाई घेतोय. तीच सगळ्यांना आवडते." मला वाटलं, माझं माळा ओवणं तिनं मागाहून कुठंतरी घातलं असेल बरं का. फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, बघा, तुमची बायको गोष्टीत गेली.

भिंतीच्या उद्‌घाटनाला आम्हा दोघांना मानानं बोलावलं. थंडीचे दिवस होते. मी पोराला सांगून नवीन साडी आणवली, ह्यांनी पांढरी टोपी धुऊन इस्त्री केली. वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घरी उतरलो. हे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. म्हणाले, "एवढं पाणी आन एका वाफ्याला कामाचं नाय." मी हसले. त्या दिवशीचं माझं ते शेवटचं हसणं.

भिंत खरंच सुंदर होती. खोटं कशाला बोलू. चित्र नुसतं रंगाचं नव्हतं, फरशीचे तुकडे, फुटक्या कपबश्या, शिंपले बसवून केलं होतं. एका टोकाला ती, पाय पसरून, हातात कागद, मोठी टिकली, हुबेहूब. तिच्या समोर कुणीच नव्हतं. फोटोत मी होते, भिंतीवर नव्हते. त्याचं मला काही वाटलं नाही. पुढं होड्या, जाळी विणणारा म्हातारा, मासळीची टोपली घेतलेल्या बायका. एकेक गोष्ट ओळखून मी ह्यांना सांगत होते, ही तिची अमकी गोष्ट, ही तमकी, ह्या सासूला मी खडूस करायला लावलं. मधला भाग शिडाच्या कापडानं झाकलेला होता. सरपंच होत्या एक बाई, त्यांनी दोरी ओढली.

गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई. काष्टा नेसलेली, पाठमोरी, मान थोडी वळवलेली. तिच्या दोन्ही हातांत माळ. फुलं सिमेंटची, एकेक वेगळं घडवून पांढरं रंगवलेलं. आणि माळेच्या दोन टोकांना जाळ्याची खरी दोरी लावलेली होती. तिला गाठ नव्हती. ती भिंतीवरून बाहेर लोंबत होती आणि वाऱ्यानं हलत होती. मी मनाशी म्हटलं, नाही, माळ मोकळी कुणीही ठेवील. मग मी वर बघितलं. त्या बाईच्या डोक्यावर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, शिंपल्यांनी माझ्या मुलीचं नाव लिहिलं होतं.

मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मोठी अक्षरं मला वाचता येतात.

अध्यक्ष माइकवर बोलत होते. ही आपल्या गावची जुनी प्रथा, बाईंनी तिला अक्षररूप दिलं, पोटचं पोर गमावलेली आई दर वर्षी समुद्राला माळ वाहते आणि लेकीला हाक मारते, समुद्राला कुणी बांधू शकत नाही म्हणून माळेला गाठ मारायची नाही. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी मान डोलावून सांगायला लागली की तिची आजीसुद्धा सोडायची अशी माळ. मला तिला म्हणावंसं वाटलं, अगं बये, तुझ्या आजीनं कधी सोडली? ती माझ्या मळ्यातली जुई आहे. पण त्याच वेळी आमचे हे माझ्याकडं वाकून, भिंतीकडं बघत म्हणाले, "लय ग्वाड नाव हाय, नाय?"

चाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसानं आपल्या लेकीचं नाव पहिल्यांदा वाचलं आणि त्याला ते आवडलं. मी हो म्हटलं.

त्यानंतर गावातल्या बायका तबकांत माळा घेऊन आल्या. झेंडूच्या, अबोलीच्या, सगळ्या मोकळ्या टोकांच्या. बाईंची जिवाभावाची मैत्रीण म्हणून पहिली माळ सोडायचा मान मला दिला. मला दोन्ही बाजूंनी धरून पाण्यापर्यंत नेलं. पोरं मोबाइल धरून उभी. सरपंचबाई कानाशी म्हणाल्या, "नाव घ्या, काकू. मोठ्यानं घ्या, म्हणजे सगळे म्हणतील." मी त्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, घसा बसलाय. त्या हसल्या, स्वतःच मोठ्यानं हाक मारली आणि मागून अख्ख्या गावानं मारली. बायांनी, पुरुषांनी, शाळेच्या पोरांनी. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, तालावर. जे नाव मी वर्षातून एकदाच, ओठांतल्या ओठांत घेत होते, ते आरतीसारखं चाललं होतं. मी हातातली झेंडूची माळ पाण्यात टाकली. मी ठेवलेलं नाव माझ्या हातून कुणीतरी हिसकावून घेतलं होतं आणि वर माझंच कौतुक चाललं होतं.

परतीच्या प्रवासात मी खिडकीकडं तोंड करून बसले. ह्यांना वाटलं मैत्रिणीच्या आठवणीनं जड झालंय. घरी आल्यावर शोकेस उघडलं, शेवटच्या पुस्तकाच्या पिशवीची गाठ सोडली आणि ओसरीवर बसले. शब्दाखाली बोट धरून वाचायला मला वेळ लागतो. सुरुवातीलाच एका पानावर लिहिलं होतं की हे पुस्तक माझ्या गावच्या समुद्राला अर्पण. गोष्ट शेवटून दुसरी होती. नदीचा समुद्र केला होता. माळ्याचा कोळी केला होता. बाजारात गेलेला नवरा होडीवर पाठवला होता. पण लुगडं तेच. "बघितलं की माया लागती" हेही तेच, माझ्या सासूचं बोलणं, तिच्याच वळणानं. गाव बदललं, जात बदलली, पाणी बदललं. एवढं सगळं बदलता आलं, मग एक नाव बदलता येत नव्हतं? शेकडो नावं तिनं शोधून काढली होती गोष्टींत. आणखी एक सुचलं नसतं?

कदाचित ते नाव चांगलं होतं म्हणून ठेवलं असेल. चांगलं होतंच. मी ठेवलं होतं.

मला तिचा राग आला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, मी बोलले. रिकाम्या ओसरीवर तिच्या बसायच्या जागेकडं बघून मी तिला शिव्या दिल्या. तोंडावर सांगितलंस की सगळ्या ऐकल्यास. पाणी पिऊन सांगितलंस. वाचून दाखवली असतीस तर मी रडले असते, भांडले असते, कदाचित नाव काढ म्हणून पाया पडले असते, आणि तुला काढावं लागलं असतं. म्हणून नाही वाचलीस. तुला गोष्ट हवी होती, मी मध्ये नको होते.

नंतर एकदा मी सातपूरला तिच्या नवऱ्याकडं गेले. तो आता रिटायर, एकटाच. त्याच्याशी भांडायला नव्हते गेले, नुसतं विचारायला गेले की तुम्हाला माहीत होतं का. त्यानं चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला आणि भाबडेपणानं म्हणाला, "तुमची परवानगी घेतली होती ना? ती म्हणाली होती मला, विचारलंय तिला, हो म्हणाली." मी म्हटलं, हो का. चहा प्यायले आणि बस पकडून घरी आले. त्या म्हाताऱ्याला काय सांगणार होते?

त्या भिंतीचे व्हिडिओ निघाले. माझ्या धाकट्या सुनेनं मला मोबाइलवर दाखवला, "आई, तुम्ही बघा ना किती छान दिसताय." पाण्यात मी उभी, मागून हाका. पर्यटक त्या लोंबणाऱ्या दोऱ्या हातात धरून फोटो काढतात म्हणे. पुढच्या वर्षी त्या दिवशी तिथं जत्रा भरवायचं घाटतंय, खाऊच्या गाड्या वगैरे. सून म्हणाली, "नाव काय सुंदर आहे. मुलगी झाली तर हेच ठेवू." मी उठून आत गेले.

असं करत भाद्रपद आला. गौरींच्या आदल्या दिवशी अंगणात झेंडूचे ढीग, टेम्पो भरणं चाललेलं. माझं मन होत नव्हतं. पण हात ऐकेनात. मांडवाखाली गेले, जुईच्या कळ्या तोडल्या, वितीएवढी माळ ओवली, टोकं मोकळी ठेवली. पानात गुंडाळली. ह्यांनी काही न विचारता गाडी काढली, गंगेवर आणून सोडलं आणि नेहमीसारखे वर रस्त्यावर थांबले.

पाणी वर चढलेलं होतं, गढूळ. मी नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसले, जिथं गर्दी नसते. पानातून माळ काढली. एक टोक पाण्यात सोडलं, दुसरं हातात होतं. नाव ओठांवर आणायचं होतं. पण ते यायच्या आधी त्याच्या मागून अख्ख्या गावाचा तालावरचा गजर यायला लागला. मी थांबले. डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. मला ते माझ्या आवाजात ऐकायचं होतं, एवढंच.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, हे ते कोकणातलं करताय ना?"

मी वळून बघितलं. तिशीतली बाई, नवऱ्याबरोबर आलेली, हातात मोबाइल. चेहरा चांगला होता तिचा. "मी व्हिडिओ बघितलाय त्याचा," ती म्हणाली. "गाठ मारायची नसते ना? मला फार आवडतं ते. माझंही एक..." ती थांबली. मग माझ्या शेजारी खाली बसली, पाण्याकडं बघून हात जोडले आणि माझ्या मुलीचं नाव हळूच घेतलं. जसं मी घेत होते तसंच, पाण्याला ऐकू जाईल एवढंच.

तिच्यावर मला रागावता आलं नाही. तिचा काय दोष? तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं. पण मी तिला काय सांगणार? की बाई, ही नक्कल नाही, ही माझी आहे? ती म्हणाली असती, हो हो, सगळ्यांचीच आहे. मी पाण्यातलं टोक वर ओढून घेतलं. कळ्या भिजल्या होत्या. माळ पुन्हा पानात गुंडाळली आणि पायऱ्या चढून वर आले.

हे गाडीला टेकून उभे होते. माझ्या हातातलं पान त्यांनी बघितलं.

"सोडली नाय?"

"नाही."

"का?" म्हणाले. मग, "नवस फिटला का?"

"नवस नव्हता," मी म्हटलं. "आपल्या मुलीची आहे."

इतक्या वर्षांत घरात कुणी न काढलेला शब्द मी रस्त्यावर, रिक्षांच्या आवाजात काढला. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्या हातातून पान घेतलं, उघडलं आणि माळेकडं बघत राहिले. त्यांच्या फुलं तोडून तोडून काळ्या पडलेल्या बोटांत ती फारच लहान दिसत होती. मोकळी टोकं त्यांनी एकदा बोटांनी चाचपली. त्यांना कळत चाललं होतं, मला ते दिसत होतं. तरी विचारलं, "नाव ठिवलं व्हतं तू?"

"तुम्हाला आवडलं होतं ते," मी म्हटलं. "भिंतीवर वाचलंत ते."

ते म्हणाले, "मंग आपण दुसरं ठिवू."

"दुसरं कसं ठेवणार?" मी म्हटलं. "पोर तर तीच आहे ना."

त्यांनी माळ पानात घालून माझ्याकडं परत दिली आणि गाडी चालू केली.